चौथं नाव

मतपेटीला जागा व्हावी म्हणून गुंदार्सने टेबलावरची सफरचंदांची पाटी उचलून जमिनीवर ठेवली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची मतं घेणाऱ्या उल्दिसने पेटी टेकवली आणि तिच्यावरच हात ठेवून दम घेतला. पोस्टात काम करणारी सार्मीते त्याच्याबरोबर होती. तिने अकरा पक्षांच्या अकरा याद्या आणि एक पाकीट गुंदार्सच्या म्हाताऱ्या आईपुढे, औस्मापुढे मांडलं.

"पक्ष अकरा, मावशी," उल्दिस म्हणाला, "आणि आपल्या वाडीत घरं नऊ."

"म्हणजे दोन पक्ष उघड्यावर झोपत असतील," औस्मा म्हणाली. "थंडी पडायला लागलीय. विचारा बाबा कुणीतरी."

काम तसं सोपं होतं. एक यादी निवडायची. हव्या त्या नावापुढे अधिकची खूण करायची, नको त्या नावावर काट मारायची आणि कागद पाकिटात घालून पेटीत टाकायचा. उरलेल्या दहा याद्या चुलीत.

सात नंबरच्या यादीत चौथं नाव गुंदार्सचं होतं. तो पशुवैद्य. पक्षाची या भागातून एक जागा येणार असं सगळे म्हणत होते. ती कुणाला मिळणार हे मात्र छापील क्रमावर नव्हतं. किती अधिक आणि किती काट, यावर ते ठरायचं. मागच्या खेपेला एक माणूस नऊ काटांनी घरी बसला होता. गुंदार्स गेले दोन महिने गोठ्यागोठ्यांतून हिंडला होता. निवडून आला तर त्याला राजधानीत, रीगाला राहायला जावं लागणार होतं.

औस्माने एक कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग खाली ठेवला.

"कागद दिसतो," ती म्हणाली. "कागदावरचं काही दिसत नाही. सार्मीते, तू कर गं माझ्यासाठी."

"मला हात लावता येत नाही, मावशी. आम्ही निवडणुकीची माणसं. तुमच्या विश्वासाचं कुणीतरी हवं. शेजारच्या विझ्माताई?"

"ती गेलीय बहिणीकडे, वाल्मिएराला."

सगळ्यांनी गुंदार्सकडे पाहिलं.

"मी नाही," तो म्हणाला. "मी यादीवर आहे."

उल्दिसने खिशातून नियमांची वही काढली आणि बोट फिरवत वाचली. "घरचा माणूस चालतो. घरचा माणूस उमेदवार असला तर चालत नाही, असं काही मला यात दिसत नाही."

"यादीवर तू आत्ता आलास," औस्मा मुलाला म्हणाली. "माझा मुलगा त्याच्या आधीपासून आहेस. बस."

उल्दिस आणि सार्मीते खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. ऐकू येऊ नये म्हणून उल्दिस मोठ्याने सार्मीतेला अंगणातल्या सफरचंदांच्या जाती सांगू लागला. सगळ्या चुकीच्या.

"सात," औस्मा कुजबुजली.

गुंदार्सने सात नंबरची यादी पुढे ओढली. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला. त्याने पेन उघडलं.

"चौथं नाव."

"ते माझं आहे, आई."

"ठाऊक आहे. मीच ठेवलंय ते. काट मार त्याच्यावर."

गुंदार्सने पेन तसंच धरून ठेवलं. खिडकीशी उल्दिस म्हणत होता की लाल ते सगळं गोड असतं.

"का?" त्याने हळूच विचारलं.

"रीगात तुझ्यासारख्या सरळ माणसाला..." ती बोलता बोलता थांबली. "नाही. मरायच्या वयात खोटं कशाला बोलू. तू गेलास की सकाळी या घरात दुसरं कुणी खोकणार नाही."

अधिकची खूण करून मोकळं होता आलं असतं. तिला कळलं नसतं. तसं तिच्याही मनात आलं असावं, कारण तिने हात पुढे केला, चाचपडत त्याचं मनगट शोधलं आणि त्यावर आपली बोटं ठेवली. धरलं नाही, नुसती ठेवली.

मनगट डावीकडून उजवीकडे सरकलं.

"शेवटपर्यंत?" तिने विचारलं.

"शेवटपर्यंत."

त्याने कागदाची घडी केली, पाकिटात घातली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते जिभेने ओलं करून चिकटवलं. फट सापडायला थोडा वेळ लागला, पण पाकीट तिने स्वतःच पेटीत टाकलं.

"चला!" पेटी उचलताना उल्दिसने गुंदार्सच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या घरचं एक मत तरी पक्कं झालं."

"झालं," गुंदार्स म्हणाला.

त्यांची गाडी गेल्यावर त्याने उरलेल्या दहा याद्या गोळा करून चुलीपाशी ठेवल्या. त्याचं स्वतःचं मत अजून व्हायचं होतं. केंद्र शाळेत होतं. तो कोट चढवू लागला.

औस्मा टेबलाशीच बसून होती. पेटी होती त्या जागेवरून तिचा तळहात फिरत होता.

"तू सात नंबरच घेणार ना?"

"हो."

"आणि आपल्या नावापुढे अधिक करणार?"

"छे! तसं बरं दिसत नाही. स्वतःच स्वतःला कुणी देत नाही."

त्याने बूट घातले. त्याने दार उघडलं तशी थंड हवा आत आली.

"दे," ती म्हणाली. "मी काट मारलीय. आता घरातल्या कुणीतरी अधिक द्यायला नको का?"