मागची रांग

सकाळी दवाखान्यातून फोन आला, आणि दुपारपर्यंत ओळखीपाळखीच्या सगळ्यांना कळलं, की फोटोवाल्याची बायको गेली.

संध्याकाळी मेहुणीने त्याला बाजूला घेतलं. "भावजी, उद्याच्या पेपरात बातमी द्यायचीय. मोबाइलमधले फोटो नकोत, सगळे आजारपणातले आहेत. ताईचा गातानाचा द्या. तुमच्याकडे काय, ढिगाने असतील."

ढिगाने होते. तो गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचा आणि त्याच स्टेजवर ती मागे कोरसमध्ये गायची. सगळा संसार असाच झाला.

तो कॉम्प्युटरसमोर बसला. मुलगी खुर्चीमागे उभी राहिली. पहिला फोटो उघडला. पुढे माइकपाशी मुख्य गायिका, गळ्यावरची शीरही दिसावी इतकी स्पष्ट. मागे कोरस, धुक्यात उभा केल्यासारखा. हीच त्याची खासियत होती. पुढचा चेहरा तेवढा धारदार ठेवायचा, मागचं सगळं विरघळवून टाकायचं. आयोजक त्यासाठीच त्याला बोलवायचे.

घरी आल्यावर बायको डिवचायची, "काय हो, आजही माझा धूर केलात ना?"

"लोकांना पुढची बाई हवी असते गं."

ती हसायची आणि चहा टाकायला जायची.

त्याने फोटो मोठा केला. जितका मोठा करावा तितकी ती विरत गेली. नाक नाही, ओठ नाहीत, नुसता फिकट डाग. त्याने दुसरा कार्यक्रम उघडला. मग तिसरा. मग उघडतच राहिला.

"बाबा, पुरे आता."

"असेल गं एखादा. एकदा तरी माझा फोकस चुकला असेल."

चुकला नव्हता.

मुलगी पडद्याजवळ वाकली. बराच वेळ बघत राहिली. "बाबा, कोरसमधल्या सगळ्यांच्या माना त्या गायिकेकडे आहेत. आईचीच इकडे आहे. आधीच्या फोटोंमध्येही होती."

"इकडे म्हणजे कुठे?"

"तुमच्याकडे."

त्याने माउसवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बातमी बिनफोटोची आली. ती गाताना कशी दिसायची, हे बघायचं त्याचं राहून गेलं.