हिरव्या फडक्याची गाठ

पंचशीलानं हिरव्या फडक्याच्या टोकाला बारीकशी गाठ मारली आणि कुणी पाहत नाही ना, हे बघून घेतलं. खोलीत होत्या फक्त विमलबाई, आणि त्यांच्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नव्हतं.

"गाठ कशाची गं ती?"

"काय न्हाई मावशी. आसंच."

गेवराईच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून, फडक्यात बांधून वाफेच्या मशीनमध्ये घालायचं काम या दोघींचं. उद्या सकाळी हर्नियाची दोन ऑपरेशनं होती. एक तेलगावच्या सुंदरबाईंचं, दुसरं केशरबाईंचं. केशरबाई म्हणजे पंचशीलाची आई.

गाठ मारलेला हत्यारांचा सेट आईसाठी होता. जेवणाचा डबा तसाच ठेवून पंचशीला त्याच्या मागे लागली होती. प्रत्येक कात्री उघडून ब्रशनं घासली, चिमट्यांचे दात दिव्याखाली धरले, ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेलं भिंग पुसून सांधा न् सांधा बघितला. इतका जीव ओतून तिनं हे काम नवी नवी असतानाच काय ते केलं होतं.

विमलबाईंनी टेबलावरचा दुसरा सेट पुढे सरकवला. तोही पंचशीलानंच सकाळी बांधला होता.

"आन ह्यो?"

"सुंदरबाईचा."

"ह्यो बघितलास का भिंगानं?"

पंचशीलानं सेटवरची चिकटपट्टी नखानं चाचपली. धुतला होता, बघितलाही होता. रोज बघतात तसा. रोजचंच काम म्हटलं की हात पुढे जातात आणि डोळे मागून येतात.

"तुझ्या आईचं पोट लई नाजूक, आन तिचं काय लोखंडाचं हाय?"

विमलबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं विचारत होत्या, म्हणून ते जास्त लागलं.

पंचशीलानं चिकटपट्टी ओढून काढली आणि सेट उलगडला. अडकलेल्या घाणीच्या आत वाफ पोचत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एका चिमट्याच्या सांध्यात तपकिरी ठिपका दिसला. गंज असेल, नाहीतर रक्त. भिंगातूनही कळेना.

हा चिमटा आईच्या वाट्याला गेला असता, हे तिच्या मनात आधी आलं. सुंदरबाई नंतर आठवल्या. त्याची तिला फार लाज वाटली.

"मावशी, ह्याच्या आधी किती..."

"ते इचारू नको आता. घास."

विमलबाईंनी स्टूल ओढलं आणि दुसरा ब्रश घेतला. जरा वेळानं मान वर न करताच म्हणाल्या, "मी तरी कुठं रोज काढते ते भिंग."

मग कपाटातले बाकीचे सेटही खाली आले. दोघी संध्याकाळपर्यंत घासत होत्या.

बांधायच्या वेळी पंचशीलानं फडक्याची गाठ सोडली. मशीनमधून सेट निघाले तेव्हा त्यातला आईचा कोणता, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सकाळी केशरबाईंची ट्रॉली दारावरून गेली. मागून भिंतीला धरून येणाऱ्या सुंदरबाईंना त्या आडव्या पडूनच धीर देत होत्या, "भिऊ नगा बाई. हत्यारं माझी लेक धुती."

पंचशीला दाराआड झाली. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधला बंकट आला.

"तुमच्या आईला घेतलंय आत. कोणता सेट नेऊ?"

कपाटात एकसारखे हिरवे गठ्ठे ओळीनं लागले होते. पंचशीलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकली.

"कोणताबी न्या, बंकटभाऊ."