बिस्किटचा पांढरा पाय

“हलू नको रे बाबा,” म्हणत ओरिन घोड्याच्या पायाला कालवलेली खडूची पूड फासत होता. पुढचा डावा पाय. गुडघ्याखाली चार बोटं.

ब्रिन लगाम धरून उभी. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना घोड्यांवर फिरवणाऱ्या या रँचवर तिचा पहिलाच उन्हाळा. जूनभर स्वयंपाकघरात बटाटे सोलल्यावर ओरिनने कालच तिला घोड्यांच्या कामावर घेतलं होतं.

“खरा बिस्किट हिवाळ्यात गेला,” ओरिन म्हणाला. “हॅलोरनबाई दर जुलैत त्याच्यासाठीच येतात. माझे केस काळे होते तेव्हापासून. हा घोडा तस्सा दिसतो. एवढा पाय सोडला तर.”

“मग तुम्हीच घेऊन जा ना त्यांना.”

“मला त्या बाईशी खोटं बोलणं जमत नाही. मी गवताच्या गंजीमागे असेन. माझी पाठ धरलीय म्हणून सांग. कमी बोल, जास्त हस. आणि पोरी, त्यांना कळलं तर त्या पुन्हा इथे पाऊल टाकायच्या नाहीत. आणि तू बटाट्यांकडे.”

बाई आल्या. कोरे बूट. घोड्यासमोर बराच वेळ थांबल्या.

“हाच ना बिस्किट?”

“हाच.”

ब्रिन हसली.

बाई चढायला घोड्याच्या उजवीकडे गेल्या, जिकडून कुणी चढत नाही. थबकल्या. वळसा घालून डावीकडे आल्या. तपासताहेत, ब्रिनला वाटलं. ती आणखी हसली.

वाट. पाइनची झाडं. समोर बिगहॉर्नचे डोंगर. बाईंनी खोगिराची मूठ दोन्ही हातांनी आवळलेली, तोंडातून शब्द नाही. ब्रिन पुढच्या घोड्यावरून सारखी मागे वळून हसत होती. गाल दुखायला लागले.

मग ओढा.

ओरिनने सगळ्याचा विचार केला होता. ओढ्याचा नाही. रँचचे घोडे रोज त्याच वाटेने जातात. पाणी आलं की उतरतात, कुणाला विचारत नाहीत. ब्रिनने लगाम खेचला तोवर तिचा घोडा पाण्यात होता. त्याच्या मागोमाग दुसरा.

पाणी दुधाळ झालं. पलीकडच्या काठावर घोडा निघाला तो चारही पाय तपकिरी घेऊन.

बाई मान वाकवून त्या पायाकडे बघत होत्या.

बघतच होत्या.

बटाटे, ब्रिनच्या मनात आलं. पोत्यांनी बटाटे.

“बाई,” ती म्हणाली, “हा बिस्किट नाही. तो हिवाळ्यात गेला. ओरिनची पाठही ठणठणीत आहे. ते गवतामागे लपलेत. तुमच्यासमोर खोटं बोलता येत नाही म्हणतात.”

बाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की घोड्याने कान फिरवले.

“बरं झालं. शनिवारपर्यंत तिथेच राहू दे त्या ओरिनला.”

“का?”

“मला बघितल्याबरोबर त्याला कळेल. मी तुमच्या हॅलोरनबाईंची धाकटी बहीण. ती पडलीय घरी ओमाहाला, कंबर मोडून. यंदा कुणी आलं नाही तर इथला तिचा राखीव आठवडा दुसऱ्याला देतील, म्हणून मला बळेच पाठवलं. म्हणाली, गप्प बसायचं आणि मूठ सोडायची नाही.” बाईंनी मूठ सोडली नव्हतीच. “घोड्यावर मी आजच बसलेय गं. आता उतरतात कसं, तेवढं सांग.”