पान एकतीसवरचा जबाब

"पान एकतीस, साहेब," सरकारी वकील म्हणाला आणि घसा असा साफ केला, जसं काही आता गाणंच म्हणायचंय. "खुद्द आईचा जबाब. 'माझ्या मुलाला काहीही झालेलं नाही. पोलिसांनी विचारपूस केली आणि सोडलं. हातपाय धडधाकट आहेत. तो कामावर गेला आहे.' खाली सही. सुटकेनंतर तिसऱ्या दिवशी घेतलाय. डॉक्टरांचा कागद मात्र नवव्या दिवसाचा. मधल्या सहा दिवसांत बोटं कुठे मोडली, कोण सांगणार?"

आई शेवटच्या बाकावर बसली होती. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला विहीण. विहीण आपण होऊन आली होती. "एवढ्या मोठ्या कोर्टात तुम्ही एकट्या कशा जाल?" म्हणाली होती. मदतीला कमी आणि बघायला जास्त, हे दोघींनाही कळत होतं.

मुलगा किल्ल्या बनवायचा. शेजारच्या गल्लीत कुलूप न फोडता चोरी झाली, म्हणून याला उचललं. चार दिवसांनी सोडलं तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं कामातून गेली होती. आता कानस बायको चालवते, हा बाजूला बसून कुठे घासायचं ते सांगतो. मानवी हक्क आयोगानं सगळं तपासून लिहून दिलं, कोठडीत मारलंय, भरपाई द्या. तो कागद काचेत घालून दुकानात लावल्यावर लोक त्याला परत कुलपं उघडायला दाराशी बोलवायला लागले. पोलीस खात्यानं त्याच कागदाविरुद्ध वरच्या कोर्टात धाव घेतली होती. कागद राहायचा की रद्द व्हायचा, हे आज ठरणार होतं. रद्द झाला तर हा पुन्हा चोरांचा किल्लीवाला.

त्यांच्या वकीलबाईंनी मागे वळून आईकडे पाहिलं. त्या नजरेत शिवी नव्हती एवढंच.

"आयोगानं हा जबाब बाजूला का ठेवला, याचं कारण कुठेच लिहिलेलं नाही," न्यायाधीश म्हणाले. "सख्ख्या आईनं दिलेला जबाब आहे."

आई उठून उभी राहिली.

"आई, खाली बस," मुलगा पुटपुटला.

"तू गप्प रे." मग पुढे बघून ती म्हणाली, "साहेब, ते मीच बोललेय."

शिपाई धावला. न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं. "आजी, इथे साक्षी होत नाहीत. इथे फक्त कागद बघतात."

"बघा की. पण कागदावर बोलणारी इथे जिवंत उभी आहे, आणि तुम्ही कागदालाच विचारत बसलाय."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "बोला. दोन मिनिटं."

बोलायचं तिनं घरून ठरवून आणलं होतं. पण तेव्हा विहीण बरोबर येणार हे ठरलेलं नव्हतं. लेक या बाईच्या घरात नांदत होती. तिला उद्याही तिथेच नांदायचं होतं. आईनं पदर सावरला. सावरलेलाच होता, तरी पुन्हा सावरला.

"हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा घरात पाहुणे बसलेले. लेकीला बघायला आले होते. भाऊ पोलिसांचा मार खाऊन आलाय म्हटल्यावर कोण थांबेल? मी मुलाला आतल्या खोलीत घातला, बाहेरून कडी लावली. हवालदारानं सगळ्यांदेखत विचारलं, पोरगा कसा आहे. मी म्हटलं, धडधाकट आहे, कामावर गेलाय. सही पण झोकात केली."

"आणि डॉक्टरकडे?"

"होकार आल्यावर नेला. सहा दिवसांनी. डॉक्टर म्हणाले, लगेच आणला असता तर बोटं सरळ झाली असती." ती थांबली. मुलाकडे तिनं बघितलं नाही. "मोडली त्यांनी. वाकडी राहिली ती माझ्यामुळे. त्यांचं त्यांच्या नावावर लिहा, माझं माझ्या."

सरकारी वकील उठला. "साहेब, ही गोष्ट आज पहिल्यांदा ऐकतोय. याला पुरावा काय? नुसतं बोलणं आहे हे."

"पान एकतीसवर दुसरं काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते वेळच्या वेळी लिहून घेतलंय, साहेब. आणि कोणी पाहुणे वगैरे हजर होते, असं त्यात एका शब्दानं नाही."

न्यायाधीशांनी पान उलटून पाहिलं. खरंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि आईकडे बघून मान हलवली. नको असलेली गोष्ट सांगण्याआधी माणूस हलवतो तशी.

तेवढ्यात बाक करकरला. विहीण उठली होती. पिशवी खांद्याला होती. आईला वाटलं, निघाली. आता घरी जाऊन काय होणार ते तिला दिसायला लागलं.

"मी होते हजर," विहीण म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"हिच्या लेकीची सासू. हवालदाराला प्यायला पाणी मीच दिलं, या बाई आतल्या दारापुढून हलेनात म्हणून." तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आतून कण्हल्यासारखा आवाज येत होता. हवालदारानंही ऐकला. मी विचारलं, आत कोण आहे हो? तर या म्हणाल्या, मांजर आहे, व्यालीय."

आईनं मान खाली घातली.

"तीन वर्षं त्या घरात माझं येणंजाणं आहे, साहेब," विहीण म्हणाली. "मांजर काही मी अजून पाहिली नाही."