तीन वर्षांनी वाजलेली घंटा

चर्चच्या घंटेचा दोर तीन वर्षांनी हातात आला आणि डोमितिलाला रडूच फुटलं. सरकारने चर्चला कुलूप ठोकून फादरांना हाकललं, तेव्हा मेक्सिकोतल्या त्या डोंगरगावातले पुरुष बंदुका घेऊन रानात शिरले होते. तिचा नवरा सिप्रियानो जाताना बजावून गेला होता, "ही घंटा वाजली की समजेन, चर्च उघडलं. तोवर तू मेलीस तरी खाली उतरणार नाही."

तेव्हापासून ती झग्याच्या अस्तरात काडतुसं शिवून, डोक्यावर मक्याची टोपली घेऊन शिपायांसमोरून रानात जात आली होती.

आज कुलूप निघालं होतं. परत आलेले फादर आनंदाने म्हणाले, "बिशपसाहेबांचा सरकारशी तह झालाय, बाई. बंदूक खाली ठेवणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. वाजव!"

तिने जीव खाऊन दोर ओढला.

दुपारपर्यंत नऊ जण खाली उतरले, दाढ्या वाढलेले, हसत. चौकात त्यांनी बंदुका ठेवल्या आणि शिपायांनी त्यांना चर्चच्याच भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. सिप्रियानो शेवटपर्यंत तिच्याकडेच बघत होता.

पुढच्या रविवारी फादर तिच्यापाशी येऊन खाली मानेने म्हणाले, "मिस्साची वेळ झाली, डोमितिला. लोकांना बोलाव."

तिने दोर त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच बोलवा, फादर. माझ्या हाकेला यायचे ते सगळे येऊन गेले."