पदाधिकाऱ्यांचं पान

“एकच पान आहे, ताई. मतदान होईपर्यंत खणात राहू दे,” धाकटा भाऊ म्हणाला. “नंतर लाव की फाईलला. मी कुठे फाड म्हणतोय?”

ताई रेडिओ केंद्राच्या दर्शनी टेबलावर बसायची. तिच्या मागे कपाट, कपाटात हिरवी फाईल. निवडणुकीची जाहिरात कोणी दिली, किती वेळा वाजली, पैसे किती भरले, सगळं त्या फाईलला लावायचं असा कायदा होता. देणारी संस्था असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांचं पानही आठ दिवसांच्या आत लावायचं. कोणीही यावं, फाईल मागावी, वाचावी. कशाला हवी म्हणून विचारायचं नाही, फक्त वहीत सही घ्यायची. नऊ वर्षांत त्या वहीत एकच सही झाली होती. तीही कुलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने, पेन चालतं का बघायला केलेली.

“नऊ वर्षांत कुत्रं फिरकलं नाही इकडे,” भाऊ म्हणाला. “चार दिवसांत कोण येणार आहे?”

आजचा दिवस आठवा होता. पान ताईच्या समोरच पडलेलं होतं. सकाळी त्यातलं नाव वाचून तिने दोनदा चष्मा पुसला होता. चष्म्यात काही खोट नव्हती.

भाऊ निवडणुकीला उभा होता. समोर प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई. सभेत तो त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढत नसे. ते काम रेडिओ करत होता, दिवसातून चोवीस वेळा. आधी तान्ह्या बाळाचं रडणं. मग ते रडणं हळूहळू विझत जायचं. मग एक जड आवाज विचारायचा, ‘डॉक्टरीणबाईंच्या हाती दिलेलं बाळ घरी येतं का?’ आणि शेवटी, ‘निर्धास्त नागरिक मंचातर्फे.’ या मंचाशी आपलं काही देणंघेणं नाही, असं भावाने तीन सभांत सांगितलं होतं.

ताईने पान खणात सरकवलं. शेवटी पाठचा भाऊ. त्याला कडेवर घेऊन घेऊन तिची डावी कंबर लहानपणीच वाकली, असं आई म्हणायची.

तेवढ्यात दार ढकलून आईच आत आली. एकतीस वर्षं ती त्याच प्रसूतिगृहात नर्स होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी चाल ड्यूटीवरचीच होती. पाऊल वाजू द्यायचं नाही, कोणाचा तरी नुकताच डोळा लागलेला असतो.

“तूही फाईल बघायला आलास?” तिने मुलाला विचारलं.

“मी चहाला आलो,” तो म्हणाला. चहा कुठे दिसत नव्हता.

आईने वही ओढली आणि कुलरवाल्याच्या सहीखाली आपली सही केली. “ते बाळ रडतं ना रेडिओवर, ती जाहिरात कोण देतं ते बघायचंय. काल एक पोरगी गाडीत बाळंत झाली. दवाखाना दोन गल्ल्यांवर, आणि ही निघालेली परगावी. मी विचारलं, अगं का? तर म्हणते, रेडिओवर सांगतात ना, मावशी. त्या मंचवाल्याच्या दारात जाऊन बोलणार आहे मी. पत्ता असतो ना ह्यात?”

“असतो,” ताई म्हणाली.

“आई, घरी बोलू,” भाऊ म्हणाला.

“घरी रेडिओ आहे.”

ताई क्षणभर खणाच्या मुठीला हात लावून बसली. मग तिने पान काढलं, पंचमध्ये धरलं आणि दाबलं. दोन गोल टिकल्या टेबलावर पडल्या. पान फाईलला लावून तिने फाईल आईसमोर ठेवली, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून आईला दिला.

तापाचा तक्ता वाचावा तशी आई बोट ठेवून वाचत गेली. बोट थांबलं.

“पत्ता आपल्या घरचा आहे.”

“हो.”

“अध्यक्ष म्हणून माझं नाव आहे.”

“हो.”

“सही माझीच आहे.” ती मुलाकडे वळली. “पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो म्हणाला होतास. आई जिवंत आहे एवढंच लिहिलंय, वाचत नको बसू, म्हणालास.”

भाऊ कुलरकडे बघत होता. “तुझ्या नावाला मान आहे, आई. निम्म्या गावाची नाळ तू कापलीस. उद्या कोणी विचारलंच असतं, तर तुझं नाव बघून गप्प बसलं असतं.”

भिंतीवरच्या स्पीकरमध्ये ते बाळ रडायला लागलं. तिघांनी ऐकलं. रडणं विझत गेलं.

“हे भुकेचं रडणं आहे,” आई म्हणाली. “पाजायला घेतलंय त्याला, म्हणून थांबलं.”

जड आवाज आपलं बोलून गेला. आईने फाईल मिटली.

“अध्यक्षाला काय काय करता येतं गं?”

“जाहिरात बंद करता येते. अर्जावर सही लागते,” ताई म्हणाली. अर्ज तिने सकाळीच काढून ठेवला होता.

“पैसे परत मिळत नाहीत,” भाऊ म्हणाला.

“माझे कुठे होते?”

चष्मा परत घेऊन ताई अर्ज भरू लागली. संस्थेचं नाव, तारीख, वेळ. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“कारण काय लिहू, आई?”

आईने थोडा विचार केला.

“लिही, अध्यक्ष हयात आहेत.”