फळ्यावरची वजाबाकी

"सावनी, मागचा फोटो पुन्हा दाखव," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

सावनीने लॅपटॉपची कळ दाबली. टीव्हीवर शाळेची एकुलती एक खोली परत आली. निळ्या रंगाने माखलेले दहा-बारा अमेरिकन विद्यार्थी, मधोमध सावनी, आणि प्रत्येकाच्या कडेवर किंवा खांद्यावर गावातलं एकेक मूल. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या दिवाणखान्यात थोड्या वेळापूर्वी याच फोटोला टाळ्या पडल्या होत्या.

२००६ च्या जुलैत सावनी तिच्या हायस्कूलच्या ग्रुपबरोबर ग्वाटेमालाला जाऊन आली होती. डोंगरातल्या गावात राहायचं, पाच दिवसांत तिथली शाळा रंगवायची आणि तिथल्या मूळ रहिवासी माया लोकांची संस्कृती जवळून बघायची, अशी ती सहल. पुढच्या उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या वीस मुलांना घेऊन तिनेच जायचं घाटत होतं. मंडळाचे अध्यक्ष प्रल्हादकाका ते पक्कं करायलाच आले होते. कॉलेजच्या अर्जात 'लीडर' असं लिहिता येणार होतं. तिचे बाबा, सत्यजित, सकाळपासून खुशीत होते.

"सो स्वीट होते सगळे, आजी," सावनी म्हणाली. "त्यांच्या टीचर तर रोज सकाळी विचारायच्या, अजून किती दिवस आहात?"

"लळा लागला असणार," प्रल्हादकाका म्हणाले.

मीनाक्षीबाई टीव्हीच्या दिशेने पुढे झुकल्या. धडगावच्या आश्रमशाळेत त्यांनी एकतीस वर्षं लहान वर्ग शिकवले होते. फोटोतल्या मुलांकडे त्या पाहतच नव्हत्या. मुलांच्या मागे फळा होता. फळ्यावर तारीख होती, सात जुलै. खाली बावन्न वजा अडतीस. पाचावर काट मारून वर चार लिहिलेला, दोनाचे बारा केलेले, एककाच्या घरात उत्तर चार. दशकाचं घर रिकामं.

"आता शेवटच्या दिवसाचा दाखव."

शेवटच्या दिवशी निरोपाचा नाच होता. मुलींनी हाताने विणलेली रंगीत पोलकी घातली होती. त्यांच्या मागे तोच फळा. तारीख सात जुलै. दशकाचं घर रिकामं.

"हा किती तारखेचा?"

"फोर्टीन्थ. फ्रायडे."

"मग आठवडाभर वर्ग कुठे भरला?"

"आजी, इट्स समर. व्हेकेशन होती ना."

"तुला होती. त्यांनाही होती का? विचारलंस कुणाला?"

सावनीने स्वतःच मागे जात पहिल्या दिवसाचा फोटो काढला. झाडाखाली कापडी पिशव्यांची रांग होती. काहींतून वह्यांची टोकं डोकावत होती.

"सकाळी सगळे या बॅग्ज घेऊन आले होते," ती हळूच म्हणाली. "टीचरने झाडाखाली ठेवायला सांगितल्या."

"मागची शाळेची भिंत तर तुमच्या आधीही नवीच दिसते."

"ओहायोचा एक ग्रुप जूनमध्ये यलो करून गेला होता. आता ऑगस्टमध्ये टेक्ससचा..." ती थांबली. "म्हणजे आत्ता."

"आई, पुरे," सत्यजित म्हणाले. "पोरीने उन्हात राबून शाळा रंगवलीये. तू काय इन्स्पेक्शनला आल्यासारखी चुका काढतेस?"

"इन्स्पेक्शनच आठवतंय मला." मीनाक्षीबाईंचा आवाज चढला नव्हता. "साहेब यायचे असले की आठवडाभर आधी आम्ही पोरांकडून अंगण सारवून घ्यायचो, स्वागतगीत घोकून घ्यायचो. साहेब अर्धा तास थांबायचे, फोटो काढायचे आणि चहा पिऊन जायचे. चौथी पास झालेल्या निम्म्या पोरांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. साहेब, आज येऊ नका, आज वर्ग आहे, असं मी एकतीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. या बाईही म्हणाल्या नाहीत. नुसत्या दिवस विचारत राहिल्या."

प्रल्हादकाका समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकू, तुमचं खरं आहे. पण बघा ना, पोरं किती खूष दिसतायत."

"वर्ग बुडाला की पोरं खूषच असतात, प्रल्हाद. म्हणून तर मोठी माणसं लागतात."

सत्यजितने लेकीकडे बघून हलकेच मान हलवली, मनावर घेऊ नकोस अशी. प्रल्हादकाकांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि पेनचं टोपण उघडलं.

"तर सावनी, जुलैचा दुसरा आठवडा धरू ना? वीस मुलं तयार आहेत. तू हो म्हण, की उद्याच सगळ्यांना ईमेल करतो."

सावनी पडद्याकडे बघत होती. फोटोच्या कडेला, दाराच्या चौकटीला टेकून त्या शाळेच्या बाई उभ्या होत्या. कॉलेजच्या अर्जासाठी फोटो कापताना दोनदा कडेबाहेर गेलेल्या. त्यांच्या हातात खडू होता.

"नको, काका," ती म्हणाली. "तेव्हा त्यांची शाळा असते."